'बुद्धिबळ' २८ वेळा लिहा, तेवढ्यात अख्खा डाव

'बुद्धिबळ' हा शब्द मोबाइलवर टाइप करून बघा. मजकूर साठवायच्या, हल्ली सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ब, त्याचा उकार, द, त्याचा पाय मोडणारी खूण, ध, वेलांटी, ब आणि ळ. झाली आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. मध्ये जागा न सोडता हाच शब्द २८ वेळा लिहिला की होतात ६७२ बाइट.

डेव्हिड हॉर्न यांनी झेडएक्स ८१ या छोट्या ब्रिटिश संगणकासाठी बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला, तो बरोब्बर तेवढाच होता. ६७२ बाइट. त्यात पट दिसतो, तुम्ही खेळता, आणि यंत्र उलट खेळी करतं. १९८३ च्या सुरुवातीला 'युअर कॉम्प्युटर' या मासिकात तो छापून आला आणि लोकांनी घरी बसून तो एकेक आकडा करत यंत्रात भरला. एक बटण दाखवायला काही मेगाबाइटची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, ओढून घेणं हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे, अशा गोष्टी वाचल्या की मला थोडी लाज वाटते आणि खूप मजा वाटते. म्हणून म्हटलं, हे जमवलं कसं ते जरा सवडीने उलगडून बघू.

आधी जागेचा हिशेब. झेडएक्स ८१ मार्च १९८१ मध्ये बाजारात आला. जुळवलेला घेतला तर ६९.९५ पौंड, सुटे भाग आणून घरी डाग द्यायची तयारी असेल तर ४९.९५. स्मृती १ केबी, म्हणजे १०२४ बाइट. त्यातले १२५ यंत्र स्वतःच्या नोंदींसाठी ठेवून घेतं. उरले ८९९. आता पडदा: २४ ओळी, प्रत्येकीत ३२ अक्षरं, आणि ओळ संपल्याच्या खुणा. पूर्ण पडद्याला ७९३ बाइट लागतात. म्हणजे पडदा भरला की प्रोग्रॅमसाठी हातात १०६ बाइट. एवढ्यात बुद्धिबळ सोडा, किराणा मालाची यादीही धड मावणार नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनीच त्यावर एक तोड काढून ठेवली होती. स्मृती कमी असेल तर रिकामी ओळ साठवायचीच नाही, फक्त 'ओळ संपली' ही एक खूण ठेवायची. पडद्यावर जेवढी अक्षरं, तेवढीच जागा. हॉर्न यांनी याच सोयीवर स्वार होऊन पुढची चलाखी केली. आपण साधारणपणे पट एकीकडे साठवतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र काढतो. त्यांनी पडदा हाच पट मानला. पडद्याच्या स्मृतीत ज्या जागी घोड्याचं अक्षर आहे, तिथेच घोडा आहे. अक्षर इकडून तिकडे हललं की खेळी झाली. वेगळी प्रत नाही आणि चित्र काढायचा वेगळा कोडही नाही. शिवाय झेडएक्स ८१ च्या अक्षरसंचात काळ्यावर पांढरं असं उलटं अक्षर हवं असेल तर मूळ आकड्यात १२८ मिळवायचे असतात. म्हणजे मोहरा कोणाचा, हे एका बिटमध्ये कळतं.

अर्थात काही गोष्टी सोडाव्या लागल्या. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, नाही, प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं तरी त्याचा वजीर होत नाही, आणि एन पासां नाही. दोन घरं उडी मारून गेलेल्या प्याद्याला पाठीमागून मारायचा तो नियम एकदा तरी प्रत्येक घरात भांडणाला कारण झालेला असतो. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं बहुधा एकच घर सरकायचं, त्यामुळे तिथे ही भानगड नव्हतीच. ज्यांना उणीव काढायची त्यांनी जरूर काढावी, पण सगळ्यांत छोट्या बुद्धिबळ प्रोग्रॅमच्या या विक्रमाच्या खाली जायला जगाला २०१५ उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेला 'बूटचेस' ४८७ बाइटचा. 'बुद्धिबळ' २० वेळा आणि वर सात बाइट.

पडद्याचं रडगाणं फक्त जागेचं नव्हतं, वेळेचंही होतं. झेडएक्स ८१ मध्ये टीव्हीवरचं चित्र रंगवायचं काम प्रोसेसरलाच करावं लागे. चित्र स्थिर ठेवायचं तर विचार सुमारे चौपट मंदावतो. भराभर विचार करायचा तर पडदा कोरा. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यावर तर याहून बिकट अवस्था होती. तिथे बदलती स्मृती होती अवघी १२८ बाइट, आणि प्रोसेसरला टीव्हीची प्रत्येक आडवी रेघ स्वतः पुरवावी लागे. १९७९ मध्ये त्यावर 'व्हिडिओ चेस' आला. खेळण्याचं डोकं लॅरी वॅग्नर यांचं, चित्राची करामत बॉब व्हाइटहेड यांची. त्या यंत्राला एका ओळीत सहाच आकृत्या नीट जमत आणि पटावर तर आठ मोहरे शेजारी शेजारी उभे असतात. व्हाइटहेड यांनी एका रेघेवर निम्मे मोहरे आणि पुढच्या रेघेवर उरलेले निम्मे काढले. खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातून बघितल्यासारखे फटी असलेले आठ मोहरे दिसतात. पण यंत्र विचाराला बसलं की चित्र पुरवायला कोणी उरत नाही. मग टीव्हीवर नुसते रंग पालटत राहतात. तोवर आपण चहा ठेवून यावं.

आता विचार म्हणजे काय, ते बघू. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या लेखात हा प्रश्न असा मांडला, की पुढे सगळ्यांनी त्याच वाटेने जायचं ठरवलं. डावाच्या मध्यावर खेळणाऱ्यापुढे सुमारे ३० खेळ्या असतात. मी ३०, त्यावर तुम्ही ३०, झाल्या ९००. शॅनन यांनी दोघांची मिळून एक जोडी हजाराची धरली आणि चाळीस जोड्यांचा डाव धरून एकावर १२० शून्यं एवढ्या डावांचा आकडा काढला. तेव्हा शेवटपर्यंत बघणं विसरा. काही खेळ्या पुढे बघायचं, तिथे थांबून पटाला गुण द्यायचे आणि त्या गुणांवरून आत्ताची खेळी ठरवायची. गुण देताना मोजायचं ते कोणाकडे किती मोहरे, कोणाला हालचालीला जास्त मोकळीक, राजा किती उघडा, असलंच सगळं.

चार खेळ्या पुढे, म्हणजे मी-तू-मी-तू, एवढंच बघायचं म्हटलं तरी ३० चा चौथा घात होतो: ८,१०,०००. आता त्या काळचा १ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर घ्या. तो सेकंदाला तीन-साडेतीन लाख सूचना पाळतो. एक पट तयार करून त्याला गुण द्यायला दोन हजार सूचना लागतात असं हिशेबापुरतं धरलं, तर १६२ कोटी सूचना झाल्या. एका खेळीला सव्वा तास. समोरचा माणूस तोवर जेवून झोपला असेल.

इथे आल्फा-बीटा नावाची युक्ती कामाला येते. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. बाजारात आंब्याच्या पेट्या मांडल्या आहेत. पेटी निवडायचा हक्क तुमचा, पण त्यातला आंबा काढून देणार विक्रेता, आणि तो हटकून सगळ्यांत वाईट तोच देणार. बुद्धिबळात नेमकं हेच होतं: खेळी मी निवडतो आणि त्यावर मला सगळ्यांत जास्त झोंबेल असं उत्तर तुम्ही निवडता. मग मी काय करीन? पहिल्या पेटीतले सगळे आंबे बघीन. त्यातला सगळ्यांत वाईट जरा मऊ पडलेला आहे, पण खाता येण्याजोगा आहे. दुसरी पेटी उघडली आणि वरचाच आंबा सडका निघाला. आता खालचे बघायची गरज आहे का? ही पेटी घेतली तर निदान एवढा सडका तरी माझ्या गळ्यात पडणारच. खाली आणखी सडके असले तरी काय फरक पडतो, आणि देवगडचे अस्सल हापूस असले तरी ते मला मिळणारच नाहीत. पेटी बंद, पुढची उघडा.

लक्षात घ्या, यात अंदाज नाही की जुगार नाही. सगळ्या पेट्या तळापर्यंत उपसल्या असत्या तरी निवड हीच झाली असती, फक्त श्रम वाचले. किती वाचतात हे मात्र पेट्या कोणत्या क्रमाने उघडता यावर आहे. सुदैवाने चांगली पेटी आधी हाती लागली आणि वाईट पेट्यांतला सडका आंबा दर वेळी वरच सापडला, तर चार खेळ्यांच्या शोधात ८,१०,००० ऐवजी १,७९९ जागा बघून भागतं. आपल्या मघाच्या हिशेबाने सव्वा तासाचं काम दहा सेकंदांवर येतं. प्रत्यक्षात इतकं नशीब कोणाचं नसतं, पण म्हणूनच अशा प्रोग्रॅममध्ये आधी मारामारीच्या खेळ्या बघायच्या, मग बाकीच्या, अशी रांग लावण्यावर इतका जीव टाकलेला दिसतो.

दुसरा रोग जास्त गमतीदार आहे. चार खेळ्यांवर थांबायचं ठरलं आणि चौथ्या खेळीला माझ्या वजिराने तुमचं प्यादं मारलं. यंत्र म्हणतं, वा, एक प्यादं मिळालं! पाचव्या खेळीला तोच वजीर तुमच्या हत्तीच्या तोंडी जाणार आहे, ते त्याला दिसतच नाही, कारण दृष्टी तिथे संपली. याच्याही पुढची तऱ्हा म्हणजे, एखादा मोहरा जाणार हे दिसलं की यंत्र मध्येच फुकटचे शह देत सुटतं. प्रत्येक शहाला उत्तर द्यावं लागतं, तेवढी मरणाची खेळी पुढे सरकते आणि एकदा ती दृष्टीपलीकडे गेली की यंत्राच्या लेखी ती टळली. आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात ते हेच. शहांच्या नादात आणखी एक-दोन प्यादी जातात ती वेगळीच. संगणकाच्या बुद्धिबळाचे संशोधक हान्स बर्लिनर यांनी याला क्षितिजाचं नाव दिलं, पण आपली म्हण मला जास्त चपखल वाटते.

यावर औषध शोधताना डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या अमेरिकी जोडप्याने केलेलं काम मला फार आवडतं. त्यांचा 'सारगॉन' झेड ८० प्रोसेसरवरचा. मार्च १९७८ मध्ये सॅन होजेच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये छोट्या संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती त्याने जिंकली. शोध आणखी खोल नेण्याइतका वेग नव्हता, तेव्हा त्यांनी शोध थांबेल तिथे एक मुनीम बसवला. घासाघीस चालू असलेलं एकेक घर घ्यायचं, त्यावर मारा करणाऱ्या मोहऱ्यांची एक यादी आणि राखण करणाऱ्यांची दुसरी, दोन्ही स्वस्ताकडून महागाकडे. मग खेळ्या प्रत्यक्ष न करता कागदावर वजाबाकी: माझं प्यादं मारणार, तुमचा उंट उलट मारणार, मग माझा हत्ती... व्यवहार कुठे थांबवला तर फायद्यात राहतो? प्याद्यासाठी वजीर घालवायचा मूर्खपणा एवढ्याने बराच आटोक्यात येतो. स्प्रॅकलेन दांपत्याने पुढे या प्रोग्रॅमचा अख्खा कोड पुस्तकरूपाने छापला. १९७८ मध्ये! एका पिढीने त्यावर डोळे फोडून बुद्धिबळाचं प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं.

आपल्याकडे हे वारं उशिरा पोचलं. १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. मार्टिन ब्रायंट यांचा 'व्हाइट नाइट' हा १९८३ ची युरोपीय स्पर्धा जिंकलेला प्रोग्रॅम याच यंत्रावरचा होता. आमच्या शाळेतल्या यंत्राला मात्र ते भाग्य लाभलं नाही. ते प्लास्टिकच्या खोळीत असायचं, खोलीबाहेर चपला काढाव्या लागायच्या, आणि आठवड्याला जी काय पंधरा मिनिटं वाट्याला यायची त्यात आम्ही गणिताच्या सरांच्या देखरेखीखाली एक ते शंभर आकडे छापायचो.

असो. सारगॉनकडे निदान पडदा होता, कीबोर्ड होता. आता तळाशी जाऊ.

१९७६ साल. किम-१ नावाची सर्किटची एक उघडी पाटी. पेटी नाही, पडदा नाही. कॅल्क्युलेटरसारखी २३ बटणं, सहा लाल आकडे दाखवणारे दिवे, ६५०२ प्रोसेसर आणि १,१५२ बाइट स्मृती. किंमत २४५ डॉलर. टोरोंटोच्या पीटर जेनिंग्ज यांनी यावर 'मायक्रोचेस' बसवला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दहा डॉलरला विकायला काढला. गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा तो कागद. त्यावरचे आकडे बटणं दाबून स्वतः भरायचे. चुकलात तर शोधत बसा. तुमच्यासमोर खरा पट मांडलेला हवा, कारण यंत्राला दाखवता येतात फक्त सहा अंक. आरंभी ते म्हणतं ०एफ १३ ३३. म्हणजे ०एफ क्रमांकाचा मोहरा, राजापुढचं प्यादं, १३ क्रमांकाच्या घरातून ३३ मध्ये. ते तुम्ही पटावर त्याच्या वतीने सरकवायचं.

हा कोड आजही वाचता येतो, आणि तो वाचताना मला एखाद्या हुशार गृहिणीचं स्वयंपाकघर बघितल्यासारखं वाटलं. एकही भांडं एकाच कामाचं नाही.

पहिली गोष्ट, त्यात पटच नाही. ६४ घरं साठवण्याऐवजी ३२ मोहऱ्यांचे पत्ते साठवलेत. आपले सोळा, समोरच्याचे सोळा. ठरलेल्या क्रमाने: ०० राजा, ०१ वजीर, मग दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. एकेका कप्प्यात एकेक पत्ता, आणि मेलेल्याच्या कप्प्यात सीसी, म्हणजे पटाबाहेरचा पत्ता. मोहरा कोणत्या जातीचा हे वेगळं लिहायला नको, कप्प्याचा क्रमांकच ते सांगतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की प्याद्याच्या कप्प्यातलं प्यादं जन्मभर प्यादंच. त्याचा वजीर करायचा तर आधी मेलेल्या वजिराचा कप्पा रिकामा हवा आणि त्यात नवा पत्ता आपल्या हाताने भरायला हवा.

दुसरी गोष्ट, घरांचे पत्ते. पहिला अंक रांगेचा, दुसरा स्तंभाचा, ०० ते ७७. मोहरा पटाबाहेर चालला का, हे कसं ओळखायचं? आपल्यासारखा साधा माणूस चार प्रश्न विचारेल: वर गेला का, खाली गेला का, डावीकडे, उजवीकडे? जेनिंग्ज एकच प्रश्न विचारतात. समजा प्रत्येक अंकासाठी चार दिवे आहेत, त्यांच्या किमती ८, ४, २, १. जो अंक हवा त्यानुसार दिवे लावायचे. पाच म्हणजे ४ आणि १ चा. ० पासून ७ पर्यंत कुठलाही अंक घ्या, ८ चा दिवा कधीच लागत नाही. उजवीकडच्या शेवटच्या स्तंभातून एक पाऊल पुढे टाकलं की ७ चे ८ होतात आणि दिवा लागला. डावीकडून घसरलात तर? संगणकाच्या या मोजणीत ९ नंतर ए, बी करत एफ म्हणजे १५ पर्यंत अंक जातात, तेव्हा ३० मधून एक गेला की उरतात २एफ. आणि एफ मध्ये चारही दिवे लागलेले, ८ चा धरून. रांगेचंही तसंच. तेव्हा दोन्ही अंकांतला ८ चा दिवा लागलाय का एवढंच बघायचं, म्हणजे नव्या पत्त्यावर ८८ ची चाळणी लावायची. काही अडकलं, तर मोहरा पटाबाहेर. चार प्रश्नांच्या जागी एक.

खेळ्यांसाठी सोळा पावलांचा एक तक्ता. आठ राजा-वजिराच्या दिशांची, आठ घोड्याची. दोन रांगा पुढे आणि एक स्तंभ उजवीकडे म्हणजे २१ मिळवा, तोच डावीकडे म्हणजे १एफ. हत्ती आणि उंट आपापल्या दिशा याच तक्त्यातून उचलतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. यंत्राला माझ्या बाजूनेही विचार करावा लागतो. माझी प्यादी उलट्या दिशेने चालतात, म्हणजे सगळा कोड दुसऱ्यांदा उलटा लिहायला हवा. तेवढी जागा कुठून आणायची? म्हणून ते पटच फिरवतं. प्रत्येक पत्ता ७७ मधून वजा करायचा, १३ चा होतो ६४, आणि सोळा-सोळाच्या दोन याद्यांची अदलाबदल. झालं, आता मीच यंत्र आणि यंत्र म्हणजे मी. उठून टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसावं तसं. विचार संपला की पुन्हा ७७ मधून वजाबाकी, परत आपल्या जागी.

खेळी करून बघताना पटाची प्रत काढायची चैन परवडणारी नाही. पाटीवर लिहायचं, बघायचं, बोटाने पुसायचं, तसं खऱ्याच पत्त्यांवर खेळी करायची आणि मागे यायला पुरेसे चार-पाच आकडे बाजूला टिपून ठेवायचे: कोण हलला, कुठून, कुठे, कोण मेला. मग तेच उलट क्रमाने वाचून सगळं पूर्ववत.

गुण देतानाही काटकसर. आपल्याला पाठ असतं ते वजीर ९, हत्ती ५, उंट-घोडे ३, प्यादं १. मायक्रोचेसच्या तक्त्यात राजा ११, वजीर १०, हत्ती ६, उंट-घोडे ४, प्यादं २. त्याच्या जोडीला कोणाला किती खेळ्या मोकळ्या आहेत ते मोजायचं, मारामारी झाली तर पदरात काय पडेल ते बघायचं, आणि मधल्या ठरावीक चार घरांत गेलं किंवा मागच्या रांगेतून बाहेर पडलं तर थोडी बक्षिसी. आपली खेळी, त्यावर समोरच्याचं उत्तर आणि पुढे मारामारीची साखळी, एवढीच दृष्टी. त्याला सरासरी शंभर सेकंद लागत. स्मृतीतले दोन बाइट बदलले की तोच विचार उथळ होऊन दहा किंवा तीन सेकंदांत उरकायचा. ओपनिंगचं पाठांतर एका वेळी एकाच ओपनिंगचं. डाव हातातून गेला की दिव्यांवर एफएफ.

खेळतो कसा? सुमार. सांगलीच्या कुठल्याही क्लबातलं दहा वर्षांचं पोर त्याला झोपवेल. तरी लोकांनी तो घेतला. पुढे टीआरएस-८०, ॲपल २ आणि कमोडोर पेट या यंत्रांवरही तो गेला आणि सगळं मिळून ५०,००० प्रती खपल्या. घरगुती संगणकावरच्या खेळाने तो आकडा गाठायची ती पहिलीच वेळ. त्या कमाईतला पैसा जेनिंग्ज आणि त्यांचे भागीदार डॅन फिल्स्ट्रा यांच्या कंपनीने 'व्हिजिकॅल्क'मध्ये घातला. आज ऑफिसात आपण ज्या एक्सेलच्या चौकटींत दिवस काढतो, त्याचा हा पणजोबा. तो १९७९ मध्ये आला.

मायक्रोचेसला कॅसलिंग ठाऊक नाही. तरी तुम्हाला करायचं असेल, तर राजाची खेळी भरा आणि एफ दाबा, मग हत्तीची भरा, पुन्हा एफ दाबा, आणि मगच 'खेळ' म्हणून सांगा. ते चालून जातं, कारण तुम्ही काय हलवता याची चौकशी करायला त्याच्याकडे बाइटच शिल्लक नाहीत. 'कुठून' म्हणून जो पत्ता द्याल, त्यावर कोण उभं आहे ते बत्तीस कप्प्यांत शोधायचं आणि 'कुठे' म्हणाल तिथे नेऊन ठेवायचं, एवढंच त्याला माहीत. बत्तीसच्या बत्तीस कप्प्यांत शोधतं, स्वतःचेही त्यात आले. मी इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, त्याचाच वजीर उचलून माझ्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. ते काही बोललं नाही. दिवे विझवून पुढची खेळी शोधायला लागलं.